बॉयलरमामांची टिचकी

बॉयलरमामा कशावरही आधी टिचकी मारायचे आणि मगच विश्वास ठेवायचे. भिंतीवरचं घड्याळ, दवाखान्यातला वजनकाटा, कलिंगड, बंद पडलेला पंखा, प्रार्थनाघरातला माइक, त्यांच्या बोटातून काही सुटायचं नाही. उभं आयुष्य त्यांनी बोईसरच्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळण्यात घालवलं होतं. तिथे वाफेचा दाब दाखवणारा जो गोल गेज असतो, त्याचा काटा कधी कधी अडकून बसतो. आत दाब चढलेला असतो आणि काटा आपला जुनाच आकडा दाखवत असतो. काचेवर टिचकी मारली की हलतो आणि खऱ्या जागी येतो. "काटा अडकतो, बाय," ते मला म्हणायचे, "माणसाचाबी अडकतो. कालचं रीडिंग आज लिवायचं नाय." संडे स्कूलमध्ये हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही.

आमच्या मंडळीच्या वार्षिक अंकासाठी त्यांच्याविषयी लिहा, असं कमिटीने मला सांगितलं आहे. 'प्रेमळ आठवणी' हा मथळाही त्यांनी आधीच ठरवून दिला आहे. तो मी बदलला. बॉयलरमामांवर माझा जीव होता आणि मला त्यांचा राग आहे. ते जाऊन दोन वर्षं होतील, राग जागचा हललेला नाही. कमिटीवरही आहे. छापायचं तर सगळं छापा, नाहीतर माझे कागद मला परत करा.

मंडळी म्हणजे बोईसरच्या पूर्वेला पत्र्याच्या छपराचं एक प्रार्थनाघर आणि तिथे येणारी साठ-सत्तर घरं. कोणी पाड्यांवरची, कोणी कारखान्यांसाठी बाहेरून आलेली. बॉयलरमामा मनोरच्या पलीकडच्या पाड्यावरचे. वयाच्या तिशीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि चाळिशीत धड वाचायला शिकले. तेव्हापासून दर जानेवारीत शंभर पानी नवी वही घ्यायची, शिसपेन्सिलीला टोक करायचं आणि बायबल पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करायचं, असा त्यांचा नेम होता. मागच्या वर्षीची वही उघडायची नाही. मी विचारलं, मामा, तीच गोष्ट दरवर्षी वाचून काय मिळतं? तर म्हणाले, गोष्ट तीच हाय, वाचणारा तो नाय.

मुलांना शिकवायची त्यांची तऱ्हाही तशीच. एखाद्या पोराने पाठ केलेलं वचन धडाधडा म्हणून दाखवलं, की आम्हाला वाटायचं आता शाबासकी मिळणार. मामा त्याच्या कपाळावर हळूच टिचकी मारायचे आणि विचारायचे, "हे गेल्या रविवारचं झालं. आज काय समजलं?" आज काहीच समजलं नाही, असं खरं सांगणाऱ्याला लिमलेटची गोळी मिळायची आणि थापा मारणाऱ्याला नाही. पाळकांना ते आठवड्याला दोन तरी प्रश्न विचारायचे. पाळक त्यांना लांबून बघूनच घड्याळाकडे बघायला लागायचे. सत्तरीचा माणूस असून शिकायची एवढी हौस कशाला, असं कोणी म्हटलं की मामांचं उत्तर ठरलेलं असायचं. "बाप्तिस्मा घेतला म्हंजे फकस्त ड्युटीवर लागलो. हितं रिटायरमेंट नाय."

आता त्यांच्या दोन गोष्टी सांगते. पहिली म्हणजे प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला बाकांवरून फिरायला लागला की मामा मान खाली घालून बसून राहायचे, घ्यायचे नाहीत. वर्षानुवर्षं. आणि दुसरी, प्रभूची प्रार्थना सगळे एका सुरात म्हणत असताना क्षमेची ओळ आली की त्यांचे ओठ मिटायचे. ती ओळ गेली की पुन्हा सुरू. मंडळीत या दोन्हींचं केवढं कौतुक. केवढा नम्र माणूस, स्वतःला पापी समजतो, योग्य समजत नाही, असं बायका डोळे पुसत बोलायच्या. मी नऊ वर्षांची असताना त्यांना सरळ विचारलं होतं, मामा, तुम्ही ती ओळ का म्हणत नाही? त्यांनी खिशातून लिमलेटची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "घसा बसतो, बाय." मी गोळी चघळत घरी गेले. ती गोळी आजही माझ्या घशाखाली उतरलेली नाही.

कारण त्याच प्रार्थनाघरात आणखी एक माणूस प्रभुभोजन घेत नव्हता आणि त्याच्या नम्रतेचं कोणाला कौतुक नव्हतं. तो माणूस म्हणजे माझे बाबा.

बाबा मामांच्याच कारखान्यात फिटर होते. मी सात वर्षांची असताना वाफेच्या एका लाइनचं, म्हणजे पाइपच्या जोडातलं, गास्केट बदलायचं काम निघालं. नियम असा, की बॉयलरवाल्याने त्या लाइनच्या गेजपाशी जायचं, दाब शून्यावर आहे हे डोळ्यांनी बघायचं, लॉगबुकात लिहायचं आणि मगच फिटरने बोल्टला पाना लावायचा. लॉगबुकात शून्य लिहिलेलं होतं. बाबांनी पाना लावला. लाइनमध्ये वाफ होती. बाबांचे दोन्ही डोळे गेले.

चौकशी झाली. बुकात शून्य आहे, म्हणजे लाइन बंदच होती, म्हणजे फिटरने बंद लाइन सोडून शेजारची चालू लाइन खोलली, असं ठरलं. का खोलली? तर आदल्या दिवशी आमच्या पाड्यावर लग्न होतं. आदिवासी फिटर, पाड्यावर लग्न, मग प्यालाच असणार, आणखी पुरावा कशाला हवा. बाबांनी जन्मात थेंब घेतला नव्हता. कारखान्याने तसं लिहिलं, ते एक वेळ समजू शकते, त्यांना कोणाच्या तरी माथी मारायचंच होतं. पण आमच्या कमिटीने काय केलं? कारखान्याच्या कागदावरचं जसंच्या तसं आपल्या वहीत उतरवून घेतलं. मद्यपानाबद्दल प्रभुभोजन बंद, पश्चात्ताप व्यक्त केल्यास पुन्हा सुरू. माझ्या आईला विचारायचीही कोणाला गरज वाटली नाही. बाबांना कमिटीतले दोघं जण समजवायला आले, की एकदा प्यालो होतो म्हण आणि मोकळा हो. बाबा खाटेवर पट्टी बांधून बसले होते. ते म्हणाले, "प्यालो नाय, तं प्यालो असं देवासमोर कसा सांगू? ती खोटी साक्ष झाली." दोघं जण चहा पिऊन गेले. पुढे बावीस वर्षं बाबा दर रविवारी काठी टेकत आले, शेवटच्या बाकावर बसले आणि प्याला त्यांच्यासमोरून पुढे गेला.

त्या बावीस वर्षांत दर गुरुवारी संध्याकाळी बॉयलरमामा सायकलवरून आमच्या उमरोळीच्या घरी यायचे. बाबांना दिसत नाही म्हणून त्यांना वाचून दाखवायला. येताना कधी सातपाटीचे सुके बोंबील, कधी माझ्यासाठी वही. दारात आले की "सलाम, भाऊ," म्हणायचे आणि बाबांचा चेहरा उजळायचा. मामा वाचायचे अडखळत, बाबा मध्येच थांबवून विचारायचे, मामा उत्तर द्यायचे, बाबांना ते पटायचं नाही, मग दोघांचं जुंपायचं. आई म्हणायची, हे दोघं भांडतात तेव्हाच घरात घरासारखं वाटतं. मी त्या दोघांच्या मधे बसून विश्वास म्हणजे काय ते शिकले. अभ्यास केला, डीएड झाले, शाळेत लागले, आणि पुढे संडे स्कूलचा एक वर्ग मामांनीच माझ्या हातात दिला. बाबा गेले तेव्हा त्यांच्या उशाशी मामाच वाचत होते. माझ्या आयुष्यात चांगलं म्हणावं असं जे आहे, त्यातलं निम्मं त्या माणसाने मला दिलं आहे, आणि हे लिहिताना माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

बाबांना जाऊन चार वर्षं झाली आणि मंडळीने मामांचा सत्कार ठरवला. संडे स्कूलची पंचवीस वर्षं. शाल, हार, फोटोवाला, सगळा थाट. कमिटीच्या अध्यक्षांनी भाषणात मामांच्या नम्रतेवर पंधरा मिनिटं घेतली. मग मामा उठले. शाल काढून खुर्चीवर ठेवली, माइकवर टिचकी मारली आणि म्हणाले, "हा सत्कार चुकीच्या माणसाचा चाललाय. त्या दिवशी मी गेजपाशी गेलोच नाय. सकाळच्या पाळीत शून्य होता, तोच स्टुलावर बसून उतरवला. व्हॉल्व्ह गळका होता, दुपारपर्यंत दाब परत चढला होता. तो भाऊ प्यालेला नव्हता. त्याचे डोळे मी घेतले, नि त्याची अब्रूबी मीच घेतली." एवढं बोलून ते उभेच राहिले. अध्यक्षांनी माइक ओढून घेतला आणि मामा भावनेच्या भरात बोलताहेत असं सांगितलं. पाळकांनी घाईघाईने गीत सुरू केलं. लोकांनी ते गायलंसुद्धा, सगळी कडवी.

मी बाहेर चपलांच्या मांडणीपाशी उभी होते. मामा आले. मी एवढंच विचारलं, की बाबा होते तेव्हा का नाही सांगितलं. दर गुरुवारी येत होतात, समोर बसत होतात, मग का नाही?

"भीत होतो, बाय," ते म्हणाले. "आधी नोकरी जाईल म्हणून. मग तू मला मामा म्हणायला लागलीस, ते जाईल म्हणून."

म्हणजे माझ्या बापाला खोटं पाडून ठेवायला मीच कारण झाले होते. मी त्यांना म्हटलं, आजपासून मी तुम्हाला काहीच म्हणणार नाही. ते मान हलवून निघून गेले आणि मी चपला उलट्या पायांत घालून घरी आले.

दुसऱ्या आठवड्यात कमिटीने काय करावं? मामांना संडे स्कूलमधून काढून टाकलं, मुलांवर वाईट परिणाम होतो म्हणून. आणि बाबांच्या नावावरचा तो ठराव? तो तसाच ठेवला. जुनं कशाला उकरायचं, म्हणाले. सव्वीस वर्षं खोटं सांभाळणारा माणूस त्यांना चालत होता, खरं बोलल्याबरोबर चालेनासा झाला. यावर मी काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

मामा मात्र कामाला लागले. त्या पाळीतले जे कोणी हयात होते त्यांना शोधून काढलं आणि बाहत्तरीला टेकलेला तो म्हातारा एसटीने, रिक्षाने, चालत घरोघर गेला. सातपाटीला एकाकडे, घिवलीला एकाकडे, दोघं बोईसरच्याच चाळीत. प्रत्येकासमोर उभं राहून पहिल्यापासून सगळं सांगायचं, की भाऊ प्यालेला नव्हता, शून्य मी उतरवला. एकाने दार लावून घेतलं. एकाच्या बायकोने पाणी दिलं आणि त्यांच्याबरोबर रडली. त्यांना कोणीतरी सुचवलं, सगळ्यांना एक चिठ्ठी लिहून पाठवा, म्हणजे पायपीट वाचेल. ते म्हणाले, चिठ्ठी म्हंजे परत उतरवूनच काढणं झालं. आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी कमिटीची बैठक असली की बाहेर खुर्ची टाकून बसायचे. मेलेल्या माणसाचं प्रभुभोजन सुरू करून काय करणार, असं एका मेंबरने त्यांना विचारलं. मामा म्हणाले, "त्याच्यासाठी नाय. तुमची वही खोटं बोलते, तिच्यासाठी."

आणि दर रविवारी सकाळी ते माझ्या वर्गात येऊन बसायचे. शिकवायला नाही, शिकायला. मुलांच्या बुटक्या बाकावर, गुडघे हनुवटीशी, हातात शंभर पानी वही. कमिटीने शिकवायला बंदी केली होती, शिकायला केली नव्हती. मी त्यांच्याकडे बघायची नाही, त्यांना काही विचारायची नाही. मुलं माझ्या तोंडाकडे बघायची. एकदा त्यांनी मुलांसारखा हात वर केला. क्षमा मागून झाली की त्याच्या पुढचा धडा कोणता, असं त्यांना विचारायचं होतं. मी फळ्याकडे तोंड करून म्हटलं, मला माहीत नाही, मी तिथपर्यंत पोचलेली नाही. मागे पेन्सिलीचा आवाज आला. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं होतं.

अकरा महिन्यांनी कमिटी वाकली. एका रविवारी उपासनेत चिटणीसांनी ओठांतल्या ओठांत वाचून दाखवलं, की अमुक ठराव चुकीच्या माहितीवर झाला होता, तो रद्द करण्यात येत आहे. बाबांचं नाव घेताना ते अडखळले. एकानेही माफी मागितली नाही. त्याच दिवशी प्रभुभोजन होतं. बाबांचं बंद झाल्यापासून आईनेही कधी घेतलं नव्हतं. ती त्या दिवशी लुगडं सावरून बसली आणि प्याला आला तसा दोन्ही हातांनी घेतला. प्याला शेवटच्या बाकाकडे सरकला, जिथे बाबा बसायचे. आता तिथे मामा बसत होते.

त्यांनी प्याला हातात धरला आणि माझ्याकडे बघितलं. काही मागितलं नाही, फक्त बघितलं. आपल्यावर ज्याचा राग आहे त्याच्याशी आधी समेट करावा आणि मग देवासमोर यावं, हे मुलांना त्यांनी शिकवलेलं, मलाही त्यांनीच शिकवलेलं. मी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. मी गीतांचं पुस्तक उघडलं आणि त्यात डोकं घातलं. मामांनी प्याला तसाच पुढे दिला.

चार महिन्यांनी ते आजारी पडले. आठ दिवस पालघरच्या इस्पितळात होते. आई रोज डबा घेऊन गेली, मी गेले नाही. तिने येऊन सांगितलं, की बाय रविवारी शिकवते ना, एवढंच विचारतात. मग म्हणाली, "तुझ्या बापाला येवढा राग आला नसता." मी म्हटलं, बाबांना राग यायची संधीच कोणी दिली नाही. नवव्या दिवशी मामा गेले. प्रभुभोजन न घेताच गेले. बाबांना ज्यांनी पंगतीबाहेर ठेवलं त्यांच्या नावाने मी जन्मभर बोटं मोडली आणि शेवटी एका म्हाताऱ्याला मीच पंगतीबाहेर ठेवलं. याचाही राग मला मामांचाच येतो. एवढं सगळं शिकवून ठेवलं नसतं तर मला हे कळलंही नसतं.

दफनाच्या वेळी पाळकांनी मला बाजूला घेतलं. क्षमा केली असे दोन शब्द बोला, लोकांना बरं वाटेल, म्हणाले. मी पुढे गेले आणि म्हटलं, "मी क्षमा केलेली नाही. केली म्हणाले, तर ते स्टुलावर बसून उतरवल्यासारखं होईल. ज्या दिवशी होईल त्या दिवशी सांगेन." आणि मागे येऊन उभी राहिले. कमिटीचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. मग सगळ्यांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली. क्षमेची ओळ आली आणि माझे ओठ मिटले. त्या ओळीत दोन गोष्टी आहेत, आम्हाला क्षमा कर आणि आम्ही दुसऱ्यांना करतो. मामा पहिलीवर अडले होते, मी दुसरीवर. शेजारी आई मोठ्याने म्हणत होती. तिने ओळ पुरी केली, वाकून मूठभर माती उचलली आणि मामांना दिली.

तेव्हापासून मी रोज सकाळी शाळेत जायच्या आधी ती प्रार्थना म्हणते आणि त्या ओळीपाशी थांबून बघते. काल राग होता म्हणून आजही असणार, असं धरून चालत नाही. आतापर्यंत रोज बघितलं आणि रोज होता. कधी थोडा कमी वाटतो, कधी जास्त. जसा असेल तसा मानते आणि पुढच्या ओळीवर जाते.

गेल्या रविवारी वर्गातल्या एका मुलीने हात वर केला. असेल आठ-नऊ वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले. सगळ्यांसमोर तिने विचारलं, बाई, प्रार्थनेतली ती ओळ तुम्ही का म्हणत नाही? माझ्याही पर्समध्ये लिमलेटच्या गोळ्या असतात. हात तिकडे गेला. बोटांना गोळीचा कागद लागला.

मी हात बाहेर काढला आणि तिच्यासमोरच्या बाकावर टेकले. "मला एका माणसाचा अजून राग आहे," मी म्हटलं. "तो जाईपर्यंत ती ओळ माझ्या तोंडी खोटी होईल, म्हणून म्हणत नाही."

"कोणाचा राग?"

"ज्यांनी मला ही प्रार्थना शिकवली त्यांचा," मी म्हटलं. "बॉयलरमामांचा."

मामा म्हणायचं नाही असं मी त्यांना चपलांच्या मांडणीपाशी सांगितलं होतं. मुलीने मान हलवली, तिला ते पुरलं. मग आम्ही सगळ्यांनी हात जोडले आणि प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.